कोणालाही न विचारता

१

ते सुरू झाले तिसऱ्या कुंडीपाशी की चौथ्या, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही. वर्षाबद्दलही शंका आहे. एकोणीसशे चौतीसचा वैशाख असावा, कारण त्या उन्हाळ्यात कॉलेजातली माझी नेमणूक कायम होते की नाही, याची मी वाट पाहत होतो. पण पस्तीसही असू शकेल. पुढे आयुष्यभर मी तर्कशास्त्र शिकवले. स्मृती हा पुरावा नव्हे, हे वाक्य दर जुलैत नव्या वर्गाला सांगत असे. आता ते स्वतःलाच सांगून पाहतो आहे, आणि त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही.

पक्के आठवते ते एवढे. सुट्टीसाठी आम्ही जबलपूरहून बऱ्हाणपूरला, उषाच्या माहेरी, राजपुऱ्यात आलो होतो. नगरपालिकेला बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी एक चौपानी पत्रक छापायचे होते. लालबागेच्या स्टेशनावर रेल्वेतून उतरलेल्या माणसाने ते हातात धरावे आणि कोणालाही न विचारता, वाटाड्या न करता, पायी गाव पाहावे, अशी कल्पना होती. माझ्या सासऱ्यांचे नगरपालिकेत जाणे-येणे होते. जावई प्रोफेसर आहे म्हटल्यावर काम माझ्याकडे आले.

स्टेशनापासून गावापर्यंत वाट कशी दाखवायची, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर जमिनीतच होते. डोंगराचे पाणी जुन्या काळी भुयारातून गावात आणले आहे, आणि त्या भुयारावर जागोजाग विहिरीसारखी तोंडे बांधली आहेत. त्यांना कुंड्या म्हणतात. एका कुंडीवरून दुसरीकडे जात राहिले की माणूस आपोआप गावात पोचतो. पाणी जमिनीखालून जाते, पाहुण्याने वरून जावे. मला ही कल्पना फार आवडली होती.

२

त्या सकाळी निघताना मी म्हणालो, "बरं, जातो."

माझ्या सासूबाई, रंभाबाई, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "जावईबापू, किती वर्सं सांगू? जातो नाही म्हनायचं. येतो म्हना."

"पण मी जातोच आहे."

"तो काय झालं? जानारा तो जातोच. त्यात सांगायचं काय?"

"आई, सोड," उषा चपला घालत म्हणाली. "असा वाद घालायचाच त्यांना पगार मिळतो."

मी "येतो" म्हणालो. सासूबाई "या" म्हणाल्या आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. मग उषा म्हणाली, "येते गं." आणि सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "ये."

त्या घरात 'येते'ला उत्तर मिळाले नाही, असे होत नसे. कोण बोलले हे न बघताही, जी बाई जवळ असेल ती 'ये' म्हणून टाकी. निघताना 'जाते' हा शब्द उषाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मालगाडीसुद्धा तिच्या बोलण्यात सुटायची, जायची नाही. मी तिला या गोष्टीवरून पुष्कळ चिडवले होते.

इथे आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. माझे वडील शेवटच्या दोन वर्षांत जेवताना शेजारी एक रिकामा पाट मांडून घेत आणि त्या पाटाशी बोलत. शांतपणे, पाहुण्याशी बोलावे तसे. लग्न ठरताना हे उषाच्या घरच्यांपासून कोणी लपवले नव्हते. पण मोठ्याने सांगितलेही नव्हते. एका वेळी एका गोष्टीची भीती बाळगावी असे मला कधी जमले नाही, पण या एका गोष्टीची भीती सगळ्यांत जुनी होती.

३

काम करण्याची आमची रीत अशी. वाटेचे एकेक वाक्य मी आधी तयार करायचे, 'कुंडीकडे पाठ करून समोरच्या दोन ताडांच्या मधून चालावे', असे. ते उषाला ऐकवायचे आणि स्वतः पुढच्या कुंडीवर जाऊन थांबायचे. तिने परकी बाई होऊन, फक्त त्या वाक्याच्या आधाराने यायचे. चुकली तर दोष वाक्याचा.

काही कुंड्या शेतांत बुजल्या होत्या, काही कुंपणांआड होत्या. त्यामुळे एकीवरून दुसरी दिसत नसे. मी पोचलो हे तिला कळायचे कसे? तोडगा तिनेच काढला. लहानपणी इथली पोरे कुंडीत तोंड घालून बोलत आणि पुढच्या कुंडीवर कान लावून ऐकत. आवाज पाण्यावरून येतो. ठरले असे, की थोडा वेळ थांबून तिने मागच्या कुंडीत "येते" म्हणायचे, मी पुढच्या कुंडीत "ये" म्हणायचे, मग तिने निघायचे.

पहिल्यांदा तिचा आवाज आला तेव्हा मला हसूच आले. चुन्याच्या कठड्यावर छाती टेकून मी खाली पाहत होतो. खोल तळाशी पाण्याचा एक तुकडा हलत होता. गार ओला वास वर येत होता. आणि अगदी कानापाशी बोलावे तशी ती म्हणाली, "येते."

"ये," मी म्हणालो.

दुसऱ्या कुंडीच्या शेजारी देवराम नावाचा शेतकरी बैलगाडीत कांदे भरत होता. तो उषाच्या वडिलांच्या ओळखीचा होता.

"पाव्हने, भोकात काय डोकावता?" तो म्हणाला. "पानी हाय. वरून पाह्यलं काय अन् खालून पाह्यलं काय, पानीच."

"ते पुस्तक लिहितायत, देवरामकाका," उषा म्हणाली.

"पान्यावर?"

"वाटेवर."

"वाट तो समोर हाय. लिव्हायची कायले?" त्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि मग तिच्याकडे वळला. "ऊन चढून राह्यलं, ताई. गाडी भरली का मी निघालोच गावात. चालायचा कंटाळा आला तो बसजो."

"यांना सोडून कशी बसू?" ती म्हणाली. "हे चुकले तर विचारणार कोणाला? विचारायचं नाही, हाच तर नियम आहे."

४

तिसऱ्या कुंडीपर्यंत तिने माझे काम पुरते बिघडवले होते. मुद्दाम उलट वळायची, मला गाठून फाटे फोडायची. ताड म्हणजे कोणते ताड, नर की मादी? पाठ करायची म्हणजे कोणाची पाठ? म्हणून तिसऱ्या कुंडीपाशी मी तिला राजपुऱ्याच्या वेशीपर्यंतची सगळी वाक्ये एकदम सांगितली आणि बजावले, आता भेटायचे नाही. मी दिसलो तरी बोलायचे नाही. मी वळून बघणार नाही, कारण माझ्या चेहऱ्यावरून तू वाट ओळखशील. माझ्यामागे यायचे नाही, वाक्यांमागे यायचे.

"बरं, मास्तर," ती म्हणाली. डाळिंबी लुगड्याचा पदर तिने उन्हासाठी डोक्यावरून पुढे ओढला होता. तो चेहरा मला नीट आठवतो.

चौथी कुंडी जरा लांब होती. मी कठड्यावर वाकलो तेव्हा खालून काहीतरी बोलल्याचा आवाज आला. शब्द एकाहून जास्त असावेत. ते एकमेकांत मिसळून भिंतींना घासत वर आले. मला कळले नाही. मी उत्तर दिले नाही.

मग पुन्हा आवाज आला. या वेळी अगदी स्पष्ट. "येते."

आधीचे मला ऐकू आले नाही हे जाणून तिने पुन्हा सांगितले, असे मी समजलो. यात चमत्कारिक काहीच नव्हते.

"ये," मी म्हणालो.

थोड्या वेळाने दूर कुंपणाच्या फटीत डाळिंबी रंग दिसला. नियमाप्रमाणे मी पाठ फिरवली आणि पुढे निघालो.

५

चूक माझी झाली. पाचव्या कुंडीनंतर एक बोरीचे झाड होते. तिथून उजवीकडे वळायचे, आणि मी वाक्यात डावीकडे म्हटले होते. झाडाखाली आल्यावर माझ्या ध्यानात आले. डावीकडे वाट नव्हतीच. बांधापलीकडे तोंड दगडांनी बुजवलेली एक मोडकी कुंडी होती आणि तिच्यामागे शेताला बाभळीचे सलग कुंपण. त्या शेतात शिरलेल्या माणसाला झाडाखालूनच परत यावे लागले असते.

मी उजवीकडे वळून सहाव्या कुंडीवर गेलो आणि उषाच्या ओरडण्याची वाट पाहू लागलो. ती पत्रकाच्या आणि माझ्या पदवीच्या नावाने काय काय म्हणेल, याची मला कल्पना होती. मी थोडा हसतही असेन.

खालून आवाज आला. "येते."

"ये," मी म्हणालो. मग मुद्दाम बोरीच्या झाडाकडे पाहत राहिलो.

झाडाखालून कोणी आले नाही. ती डावीकडून आली. कुंपणाच्या अलीकडे, माझ्या बाजूला. पदर पुढे ओढलेला, चाल संथ. बांधावरून उतरली आणि मी उभा होतो त्या रोखाने सरळ येऊ लागली.

कुंपणाला खिंडार असेल, मी पाहिले नसेल. नंतरच्या वर्षांत मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटले आहे, की खिंडार पाहिल्यासारखेच वाटते. पण त्या वेळी मला दुसरेच काही खुपत होते. वाक्य चुकले होते आणि ती चुकली नव्हती. आणि चुकली नाही म्हणून माझी खिल्ली उडवायला थांबलीही नव्हती. तिसऱ्या कुंडीनंतर ती एकदाही हसली नव्हती.

मी पाठ फिरवली. नियम माझाच होता.

६

त्यापुढे मी कुंड्यांपाशी थांबलो नाही. वस्ती सुरू झाली. विणकरांच्या घरांतून मागांचे खटके ऐकू येत होते. दारात बसलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले, आणि उठून आत गेली. तिला काही काम आठवले असेल.

माझ्या मागे पावले वाजत होती, एका अंतराने, ना जवळ ना लांब. उषाच्या चपला चालताना टाचेवर फटफटत. ही पावले अनवाणी होती. मी थांबलो की थांबत. एका वळणावर मला राहवले नाही, आणि मागे न बघता, नुसती मान खाली घालून मी म्हणालो, "दमलीस का? ये, जवळ ये."

"येते," ती म्हणाली.

आवाज उषाचाच होता. मी तो ओळखतो. फक्त तो कुंडीतून येई तसाच आला, ओला, कानापाशी, आणि आम्ही भर उन्हात रस्त्यावर होतो.

राजपुऱ्याच्या वेशीच्या कमानीखाली सावली होती. पत्रक तिथे संपत होते, म्हणजे नियमही संपत होता. मी सावलीत शिरलो आणि वळलो.

ती सावलीच्या बाहेर उभी होती. मागे ऊन, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पदरही होता. लुगडे डाळिंबीच होते, पण सकाळपेक्षा गडद, जवळजवळ काळे, ओले कापड दिसते तसे. मी तिच्या पायांकडे पाहिले. धुळीत तिच्यामागे काळ्या डागांची ओळ आली होती आणि शेवटचे डाग अजून पसरत होते.

मी म्हणालो, "घर आलं."

"येते," ती म्हणाली.

घरच्या बायका वेशीपासून मागच्या बोळाने परसदारी जात. तीही तिकडून निघाली आहे आणि निरोप घेते आहे, असा मी अर्थ घेतला. किंवा असा अर्थ घ्यावा असे ठरवले. सवयीने, सभ्यपणाने मी म्हणालो, "ये."

मग मी घराकडे वळलो आणि भरभर चालू लागलो.

७

"जावईबापू, इतक्या उन्हाचं कुठी राहिले?" सासूबाई म्हणाल्या. "उषा तो केव्हाची आली."

उषा ओसरीवर पाय लांब करून बसली होती. टाचेला हळद आणि तेल लावून चिंधी बांधलेली होती. अंगावर सकाळचेच लुगडे होते, फिकट, कोरडे, काठाला धूळ.

"बाभळीचा काटा," ती म्हणाली. "चपलेतून आरपार. तुमचं पत्रक लंगडं झालं, मास्तर."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. केव्हा, कुठे, कशी आलीस, असे विचारणे साधे होते. पण ते विचारले असते तर पुढचा प्रश्न ओघानेच आला असता: मग माझ्या मागे कोण होते? हा प्रश्न त्या ओसरीवर एकदा उच्चारला की परत घेता आला नसता. सासूबाईंना माझ्या वडिलांचा पाट आठवला असता. उषाने माझ्याकडे पाहिले असते, आणि पुढे आयुष्यभर ती तशीच पाहत राहिली असती.

मी ठरवले, की ती बोळातून माझ्या आधी घरी पोचली आणि काटा बोळात लागला. त्या बोळात बाभूळ नाही. 'केव्हाची' या शब्दाने नेमका काळ कळत नाही, हेही मी स्वतःला समजावले.

"रागावलात?" उषाने हळूच विचारले.

"नाही," मी म्हणालो. तिला ते खरे वाटले नाही.

८

दिवेलागणीला आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. उषा मोगऱ्याचा गजरा करत होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता. हे मी मुद्दाम सांगतो. सासूबाई आत चुलीपाशी होत्या. परसदाराच्या आत जुना दगडी हौद होता, त्यात त्या भुयाराचेच पाणी मातीच्या नळांतून येई.

तिकडून आवाज आला. "येते."

उषाचे हात थांबले. माझे तोंड उघडले होते. ते मी मिटले.

आतून, भाकरी थापता थापता, सासूबाई म्हणाल्या, "ये गं."

भाकरीचा आवाज बंद झाला. "उषा, तू होय?"

"मी तो इथं बसलीय, आई."

"मग कोन होती?"

 सासूबाई कंदील घेऊन हौदाकडे गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. हौदापासून उंबऱ्यापर्यंत फरशी ओली होती. सांडलेले पाणी असावे. मात्र ते एकाच दिशेला गेले होते आणि उंबऱ्याशी थांबले होते.

सासूबाईंनी हौदावर लाकडी झाकण सरकवले. मग वाटणाचा पाटा दोन्ही हातांनी उचलून त्या झाकणावर ठेवला. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू द्या, जावईबापू." परत येऊन त्या भाकरी थापू लागल्या. शेजारची असेल, एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आम्ही जबलपूरला परतलो. पत्रक मी तिथून पाठवून दिले. त्यात तिसऱ्या कुंडीनंतर एकच वाक्य ठेवले: 'येथून पुढे टांगा करावा.' नगरपालिकेने ते तसेच छापले.

९

नेमणूक कायम झाली. मुले झाली. वडिलांसारखे काही मला झाले नाही. निदान मला कोणी तसे सांगितले नाही.

एकच गोष्ट बदलली. उषा बाहेर निघताना "येते" म्हणाली की मी हातातले काम टाकून आधी तिचा चेहरा पाहायला जाई, आणि मगच "ये" म्हणे. ती फाटकापर्यंत गेली असेल, दाराआड असेल, न्हाणीघरातून बोलली असेल, तर मी गप्प राही. आवाज तिचा आहे, एवढे मला पुरत नसे. दुसऱ्या कोणाला मी पुन्हा घरात बोलावून बसेन, आणि या वेळी पाटा ठेवायला सासूबाई नसतील, ही भीती माझ्या मनातून कधी गेली नाही.

तिला ते लागले. एकदा ती फाटकातून परत आली आणि पायरीवर उभी राहून म्हणाली, "बाहेर पडताना 'ये' म्हणायला तुम्हाला एवढं काय जड जातं?" मी वाचनात होतो, असे सांगितले. त्यानंतर तिने विचारले नाही. मीही त्या दिवसाबद्दल तिला काही विचारले नाही.

पुष्कळ वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, थंडीत तिची टाच दुखू लागली. मी तेल चोळून देत होतो.

"तोच काटा," ती म्हणाली. "देवरामकाकांच्या गाडीत बसले, त्या दिवशीचा."

माझा हात थांबला. "गाडीत? कुठे बसलीस?"

"तिसऱ्या कुंडीपाशी. तुमची पाठ फिरली आणि काटा लागला. पाऊल टेकवेना. तेवढ्यात काकांची गाडी मागून आली."

"मला तू बोलली नाहीस."

"अहो, सांगून तर गेले. कुंडीतून." ती जरा अडखळली. "येते म्हटलं असतं तर तुम्ही पुढच्या कुंडीवर वाट बघत बसला असता. आपलं तसंच ठरलं होतं ना? मग दुसरं काय म्हणणार? म्हणाले, मी घरी जाते." एवढ्या वर्षांनीही तिने आवाज खाली आणला. "आईला कधी सांगितलं नाही मी."

सासूबाई जाऊन तेव्हा कित्येक वर्षे झाली होती.

"तुम्ही 'ये' म्हणालात," उषा म्हणाली. "मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आपण जाते म्हणालो तरी हे ये म्हणाले."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. शक्य तितक्या साध्या आवाजात विचारले, मला आधी ऐकू आले नाही म्हणून तू दुसऱ्यांदा बोललीस का, आणि दुसऱ्यांदा काय म्हणालीस.

"एकदाच बोलले," ती म्हणाली. "तो शब्द कोणी दोनदा म्हणतं का?"